मेरिअन मूरची कात्री

१९६७ साली मेरिअन मूर या अमेरिकी कवयित्रीची समग्र कविता प्रसिद्ध झाली आणि जुने वाचक चक्रावले. १९१९ मध्ये पहिल्यांदा छापून आलेली ‘पोएट्री’ ही तिची सर्वांत गाजलेली कविता. भरगच्च कडव्यांची ती कविता या पुस्तकात जेमतेम तीन ओळींची उरली होती. ऐंशीच्या उंबरठ्यावर तिने आपल्याच कवितेवर कात्री चालवली होती. मूळ कविता होती, पण पुस्तकाच्या शेवटी, टिपांमध्ये!

दुसऱ्यांच्या कवितांनाही ही कात्री चुकली नाही. १९२५ ते १९२९ या काळात ती ‘द डायल’ मासिकाची संपादक होती. हार्ट क्रेन या कवीची एक कविता तिने इतकी छाटली की शीर्षकसुद्धा बदललं. क्रेन दुखावला, आणि त्याचं दुखणं रास्तच होतं.

पण तिची ‘द फिश’ ही कविता वाचली की या हाताची करामत कळते. शीर्षक हाच पहिल्या वाक्याचा कर्ता. तो सोडून वाचायला घेतलं तर वाक्यच लागत नाही. प्रत्येक कडव्यात पाच ओळी आणि त्यांतले उच्चार मोजून एक, तीन, नऊ, सहा, आठ. पहिल्या दोन ओळींचं यमक, पुढच्या दोन ओळींचं यमक, पाचवी मोकळी. इंग्रजी छंद एरवी आघातांवर चालतो. मूरने आघात सोडून उच्चार मोजले. सहा-सहा-सहा-चार अशा अभंगाची सवय असलेल्या मराठी कानाला मोजणीचं नवल वाटणार नाही. नवल आहे ते वाक्याचं. ओळ संपली तरी ते गद्याच्या चालीने पुढे जातं, आणि एका ठिकाणी ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्दच ओळीच्या टोकाला तुटतो. लाटांनी फोडलेल्या कड्याचं वर्णन चाललं असताना अपघाताचाच शब्द फुटावा, ही कारागिरी थक्क करणारी आहे.

ब्रिन मॉर महाविद्यालयात ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रमली होती. पुढे तिच्या कवितेत खवल्या मांजर आलं, जर्बोआ हा वाळवंटी उंदीर आला, हत्ती आले. त्यांच्याकडे ती निरखून पाहते. माणसांना धडा देण्यासाठी त्यांना राबवत नाही.

१९३४ साली तिची तरुण कवयित्री एलिझाबेथ बिशपशी ओळख झाली. बिशपने पुढे आठवण लिहून ठेवली आहे. दोघी सर्कसला गेल्या, ब्राऊन ब्रेडच्या पिशव्या घेऊन. मूरच्या हातात हत्तीच्या केसांचं कडं होतं, भावाने दिलेलं. त्यातला एक केस गळून हरवला होता आणि त्या जागी तिला हत्तीचाच केस हवा होता. बिशपने मोठ्या हत्तींना पावात गुंतवलं. सोंडा तिकडे वळल्या, तशी मूर दोरावरून वाकली आणि नखं कापायच्या कात्रीने पिल्लाच्या डोक्यावरचे केस कापू लागली.