विमानातला शेंगदाणा: धोका हवेत की हातावर?

आपल्या घरात दाण्याचं कूट लागत नाही असा दिवस विरळाच. म्हणून शेंगदाण्याने कुणाचा जीव जाऊ शकतो हे ऐकून अनेकांना हसू येतं. हसू नका. काहींचं शरीर शेंगदाण्यातील प्रथिनांना शत्रू समजतं. अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे येतात, ओठ-जीभ सुजतात, उलट्या होतात, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. दमा असलेल्याला धोका जास्त.

अमेरिकेत विमानात शेंगदाण्याची पुडी वाटण्याची जुनी रीत होती. साउथवेस्ट या कंपनीने १ ऑगस्ट २०१८ पासून ती बंद केली. भीती अशी की, कुणी पुडी फोडली तर कण विमानभर पसरतील. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने यावर तज्ज्ञांकडून आढावा करून घेतला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानाच्या हवेतून शेंगदाण्याचे कण असे पसरतात, याला पुरावा सापडला नाही. मोठ्या विमानात हवा वरून येते आणि त्याच रांगेजवळ खाली खेचली जाते. फिरवलेली हवा बारीक गाळणीतून जाते आणि आतली सगळी हवा काही मिनिटांत बदलते. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत तीव्र अॅलर्जी असलेल्या ३० मुलांच्या तोंडासमोर फूटभर अंतरावर दहा मिनिटं पीनट बटर धरलं होतं. एकालाही श्वासाचा त्रास झाला नाही. (घरी हा प्रयोग करू नका, तिथे डॉक्टर हजर होते.)

मग धोका कुठे? आधीच्या प्रवाशाने दाणे खाल्लेले असतात. त्याचा अंश समोरच्या ट्रेवर, सीटच्या हातावर राहतो. तिथून तो लेकराच्या बोटावर आणि बोटावरून तोंडात जातो. म्हणून बसल्याबरोबर ट्रे आणि सीट ओल्या वाइप्सनी पुसावी, हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझर जंतू मारतो, पण शेंगदाण्याचं प्रथिन काढत नाही. नुसतं पाणीही पुरत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र खाण्याचाच. जुलै २०१६ मध्ये लंडनहून नीसला जाणारी १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावाने गेली. त्यात तीळ होते, वेष्टनावर लिहिलेले नव्हते. पुढे ब्रिटनमध्ये तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला.

घरात कुणाला डॉक्टरांनी ही अॅलर्जी सांगितली असेल, तर तिकीट काढतानाच कंपनीला कळवा आणि जेवणाचा डबा घरून न्या. झटक्यावर खरं औषध अॅड्रेनालिन, तेही मांडीत टोचायचं. खाजेची गोळी त्याची जागा घेत नाही. ते कसं टोचायचं हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत घातलं, तर ते विमानाच्या पोटात जातं आणि वेळेला हाती लागत नाही.

आणि आखातात कामाला निघालेल्या पोराला दाण्याची चटणी जरूर द्या, फक्त विमानात ती उघडण्याआधी शेजारच्याला एकदा विचारायला सांगा.