दूध, ऊन, गूळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या

बारामती-इंदापूरचा द्राक्षबागायतदार झिंक फवारण्याआधी पानदेठ तपासून घेतो. स्वतःसाठी मात्र शेजारी खातो तीच गोळी मेडिकलमधून आणतो. शरीरालाही कमी काय पडतंय हे कळल्याशिवाय मात्रा ठरत नाही. या भागात नेहमी ऐकू येणारे काही समज म्हणूनच तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : दावणीला गायी आहेत, बी-१२ कमी कसं पडेल?

वस्तुस्थिती : बी-१२ मिळतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच. १०० मिली गाईच्या दुधात ते साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असतं आणि प्रौढ माणसाची रोजची गरज दोनाहून थोडी जास्त. म्हणजे रोज अर्ध्या लिटरहून अधिक दूध पोटात जायला हवं. प्रत्यक्षात दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. त्यातून तुकोबांच्या पालखीच्या या वाटेवर माळकरी घरं पुष्कळ. तिथे अंडी-मासेही वर्ज्य. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचंही ते घटू शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासा. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. भिगवणची चिलापी मासळी नेमाने खाणाऱ्या घरात बी-१२ची अडचण सहसा येत नाही.

गैरसमज : रानात राबणाऱ्याला ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडत नाही.

वस्तुस्थिती : ऊन उघड्या कातडीवर पडलं तरच उपयोग. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला स्कार्फ बांधून ऊस तोडणाऱ्या बाईच्या कातडीला ते मिळतं किती? सकाळचं कोवळं ऊनही इथे फारसं कामी येत नाही. लागणारे किरण सूर्य वर चढल्यावर अधिक येतात.

गैरसमज : रक्त कमी आहे? गूळ-शेंगदाणे खा, भरून येईल.

वस्तुस्थिती : १०० ग्रॅम गुळात लोह साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम. वीस ग्रॅमच्या खड्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळतं. बाईची रोजची गरज आहे २९. त्यापेक्षा सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यातली बाजरी बरी. राहुरी कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी काढलेल्या ‘धनशक्ती’ वाणात तर किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे. भाकरीसोबत लिंबू घ्या, चहा जेवणानंतर तासाभराने. पण हिमोग्लोबिन बरंच उतरलं असेल तर ताटावर भागत नाही, गोळी लागतेच. गरोदरपणी सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज, किमान १८० दिवस देतात. त्या गोळीने शौच काळी होते म्हणून ती सोडू नका; तो तिचा नेहमीचा परिणाम आहे.

गैरसमज : व्हिटॅमिन जास्त झालं तरी लघवीवाटे निघून जातं.

वस्तुस्थिती : ‘ब’ गटातली बहुतेक आणि ‘क’ तशी जातात, अ, ड, ई, के मात्र शरीरात साठतात. ६०,००० युनिटची ‘डी-थ्री’ पुडी ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा घ्यायची असते. कुणी ती रोज घेतली किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

गैरसमज : सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या की काम झालं.

वस्तुस्थिती : कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी तर दोन्हींपासून चार तास लांब ठेवावी. मल्टिव्हिटॅमिनमध्ये सगळं थोडं-थोडं असतं. मोठी कमतरता त्याने भरून येत नाही आणि कमतरताच नसेल तर पैसे वाया.

हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. बी-१२ आणि ‘ड’च्या तपासण्या महाग पडतात, त्या कुणी करायच्या हे आहार, वय आणि चालू औषधं पाहून डॉक्टर सांगतील. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते आधी सांगा. आणि चिठ्ठी घेऊन उठण्याआधी दोन गोष्टी विचारा : गोळी किती दिवस घ्यायची, आणि पुन्हा तपासणी कधी?