मधली जमीन अज्ञात

जमिनीवर दोन वेळू उभे आहेत. एक पंधरा हात उंच, दुसरा दहा हात. पहिल्याच्या शेंड्याला दोरी बांधून ती दुसऱ्याच्या बुडाशी आणली आणि दुसऱ्याच्या शेंड्याची दोरी पहिल्याच्या बुडाशी. दोन्ही दोऱ्या मध्ये कुठेतरी एकमेकींना छेदतात. तो छेद जमिनीपासून किती उंचीवर आहे? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमाराचं हे उदाहरण. ते घालतानाच आचार्य बजावून ठेवतात की दोन वेळूंमधली जमीन किती, ते ठाऊक नाही.

सोडवणारा इथेच थबकतो. अंतर माहीत नसताना उंची कशी निघणार? वेळू जवळ असले तर दोऱ्या उभट होतील, लांब असले तर जवळजवळ आडव्या पडतील. मग छेदही वरखाली व्हायला हवा. पण तो होत नाही. उत्तर सहा हात, अंतर काहीही असो. आचार्य आधी जमीन पाच हात धरून दाखवतात, मग दहा, पंधरा, वीस. छेदाच्या बरोबर खालचा बिंदू जमिनीचे दोन तुकडे करतो. ते तुकडे तीन-दोन, सहा-चार, नऊ-सहा, बारा-आठ असे बदलत जातात. छेदाची उंची मात्र जराही बदलत नाही.

गणित ऑलिंपियाडला बसणारी मुलं भूमितीत वर्षानुवर्षं जे शिकत असतात, त्याचं सार या एका उदाहरणात आहे असं मला वाटतं. समरूप त्रिकोण म्हटलं की आपल्याला गुणोत्तरं आठवतात, तिरकस गुणाकार आठवतो. त्यांची खरी ताकद मात्र आणखी एका गोष्टीत आहे. काय मोजायची गरज नाही, हे ते सांगतात.

त्रैराशिकाचं राज्य

वेळूंचं गणित उलगडायला दोन ओळी पुरतात. पंधरा हातांच्या वेळूची दोरी, तो वेळू आणि जमीन मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. छेदातून जमिनीवर लंब टाकला की त्याच त्रिकोणाचा एक छोटा भाऊ तयार होतो. दोघांचे कोन तेच, म्हणून लंब हा पंधराचा जितका अंश, तितकाच अंश दहा हातांच्या वेळूकडचा जमिनीचा तुकडा हा सगळ्या जमिनीचा. दुसऱ्या दोरीकडून पाहिलं तर लंब हा दहाचा जितका अंश, तितकाच अंश उरलेला तुकडा सगळ्या जमिनीचा. दोन तुकडे मिळून अख्खी जमीन, म्हणजे दोन अंशांची बेरीज एक. लंब भागिले पंधरा अधिक लंब भागिले दहा, बरोबर एक. लंब सहा. जमीन आली आणि आपणहून निघूनही गेली.

याचा पडताळा त्रैराशिकाने घ्यावा, असं आचार्य सांगतात. एवढ्या जमिनीला एवढा वेळू, तर तेवढ्या जमिनीला किती? आपण ज्याला समरूपता म्हणतो, ती त्यांच्या लेखी क्षेत्रात उतरलेलं त्रैराशिकच होतं. छायेची उदाहरणं संपवताना त्यांनी म्हटलं आहे की हरीने जसं आपल्या रूपांनी विश्व व्यापलं आहे, तसं त्रैराशिकाने गणित व्यापलं आहे. ती छायेची उदाहरणंही समरूप त्रिकोणांचीच. दिवा साडेतीन हात उंच, त्याच्यापासून तीन हातांवर अर्ध्या हाताचा शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी. त्याची सावली किती? अर्धा हात.

ही दृष्टी एकाच देशाची मक्तेदारी नाही. सावलीवरून पिरॅमिडची उंची काढल्याची कथा ग्रीक परंपरा थेल्सच्या नावावर सांगते. इ. स. पूर्व ३०० च्या आसपास युक्लिडने ‘एलेमेंट्स’चं सहावं पुस्तक समरूप आकृत्यांना दिलं. समान कोनांच्या त्रिकोणांच्या बाजू प्रमाणात असतात, हे त्यातलं चौथं विधान. आपल्याकडे ‘का’ विचारणाऱ्यांची ओळही होतीच. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली आणि सूत्रांना उपपत्ती जोडल्या. नुसत्या उत्तरावर गुण न देणारा परीक्षक गणेश दैवज्ञाला परका वाटला नसता.

कमळाचा देठ

स्पर्धेतल्या भूमितीत समरूप त्रिकोण सर्वांत जास्त सापडतात ते वर्तुळात. कारण सोपं आहे. एकाच कंसातले अंतर्लिखित कोन समान असतात, त्यामुळे वर्तुळ काढलं की समान कोन फुकट मिळतात आणि दोन समान कोन मिळाले की कोको कसोटी लागते. वर्तुळातल्या दोन जीवा एकमेकींना छेदल्या आणि त्यांची टोकं जोडली की समोरासमोरचे दोन त्रिकोण समरूप होतात. त्यातून निघतं की एका जीवेच्या दोन तुकड्यांचा गुणाकार दुसरीच्या तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. दहावीच्या पुस्तकात हे जीवांच्या छेदनाचं प्रमेय म्हणून येतं. एक जीवा व्यास असेल आणि दुसरी तिला लंब, तर त्याचं जे रूप होतं ते आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त दिलेलं आहे. दोन शरांचा, म्हणजे व्यासाच्या दोन तुकड्यांचा, गुणाकार हा अर्ध्या ज्येचा, म्हणजे अर्ध्या जीवेचा, वर्ग.

हे रूप घेऊन ‘लीलावती’तल्या कमळाकडे जावं. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात वर आहे. वाऱ्याने ती झुकते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? देठ तळाशी रोवलेला, म्हणून कळीचं टोक वर्तुळावर फिरतं. तळ हे त्याचं केंद्र, देठ त्रिज्या आणि पाण्याची पातळी ही जीवा. अर्धी जीवा दोन हात, तिचा वर्ग चार. वरचा शर अर्धा हात, म्हणजे व्यासाचा खालचा भाग आठ हात. व्यास साडेआठ, त्रिज्या सव्वाचार, त्यातून अर्धा गेला की खोली पावणेचार हात. पायथागोरसाच्या प्रमेयानेही हे उत्तर येतं. पण तळ्यात वर्तुळ पाहणारा डोळा वेगळा आणि स्पर्धेला तो डोळा लागतो.

कोनमापकाला बंदी

शाळेतल्या प्रश्नात आकृती छापलेली असते आणि कोणते दोन त्रिकोण समरूप आहेत, तेही बहुधा प्रश्नच सांगतो. विद्यार्थ्याने कसोटीचं नाव लिहायचं आणि संगत बाजूंचं गुणोत्तर मांडायचं. ऑलिंपियाडच्या पेपरात आकृती नसते. चार-पाच ओळींचा मजकूर असतो, आकृती आपण काढायची. आपल्या प्रादेशिक आणि राष्ट्रीय फेऱ्यांत पट्टी आणि कंपास चालतात, गणकयंत्र चालत नाही आणि कोनमापकही चालत नाही. या मनाईत सगळं शिक्षण आहे. कोन मोजायचा नाही, तो कुठल्या दुसऱ्या कोनाएवढा आहे ते शोधायचं.

मुलं याला ‘अँगल चेसिंग’ म्हणतात. एका कोनाला नाव द्यायचं आणि तो आकृतीत आणखी कुठे कुठे दिसतो याचा माग काढायचा. चक्रीय चौकोनात तो समोरच्या कोनाच्या बाहेर भेटतो, स्पर्शिकेपाशी जीवेच्या पलीकडे भेटतो, समांतर रेषांत व्युत्क्रम होऊन भेटतो. दोन त्रिकोणांत कोनांची एकच जोडी पुन्हा दिसली की थांबायचं आणि बाजूंकडे वळायचं.

वळताना एक पथ्य पाळावं लागतं. शिक्षक ते ओरडून ओरडून सांगतात आणि तरी मुलं चुकतात. अक्षरं संगतीच्या क्रमानेच लिहायची. त्रिकोण पबअ आणि फअक समरूप आहेत असं लिहिलं, तर प ची जोडी फ शी, ब ची अ शी, अ ची क शी. हा क्रम बिघडला की गुणोत्तर उलटं पडतं आणि तासाभराची मेहनत वाया जाते. क्रम बरोबर असेल तर आकृतीकडे न बघतासुद्धा गुणोत्तरं लिहिता येतात.

केप टाउनचा चौथा प्रश्न

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रोमेनियात सुरू झालं. भारत १९८९ पासून उतरतो. दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न आणि प्रत्येकाला सात गुण. २०१४ मध्ये ते केप टाउनला भरलं, तेव्हाचा चौथा प्रश्न समरूप त्रिकोणांचा नमुनेदार प्रश्न आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

अबक हा लघुकोन त्रिकोण. बक बाजूवर प आणि फ हे बिंदू असे घ्या की कोन पअब हा क च्या कोनाएवढा आणि कोन कअफ हा ब च्या कोनाएवढा असेल. अप तेवढीच पुढे वाढवा, टोकाला म. अफ तेवढीच पुढे वाढवा, टोकाला न. सिद्ध करायचं ते असं: बम आणि कन या रेषा जिथे छेदतात, तो बिंदू अबक च्या परिवर्तुळावर असतो.

पहिली नजर कोनांवर. त्रिकोण पबअ मध्ये ब चा कोन आहे आणि अ पाशी क एवढा कोन आहे, म्हणून तो मूळ त्रिकोणाशी समरूप. फअक चंही तेच. म्हणजे हे दोन एकमेकांशीही समरूप आणि प व फ पाशी दोघांचे कोन मूळ त्रिकोणातल्या अ च्या कोनाएवढे. संगती नीट लावली की मिळतं: बप ला पअ, तसं अफ ला फक.

आता ‘तेवढीच पुढे वाढवा’ या शब्दांकडे परत यावं. मध्यबिंदू दिसला की समांतर रेषा शोधायला धावण्याचा मोह होतो. इथे त्या शब्दांचं काम साधं आहे. पअ च्या जागी पम ठेवता येतं, अफ च्या जागी नफ. मग गुणोत्तर असं दिसतं: बप ला पम, तसं नफ ला फक. शिवाय कोन बपम आणि नफक दोन्ही १८० अंशांतून अ वजा केल्याएवढे. दोन बाजू प्रमाणात, मधला कोन समान. बाकोबा कसोटीने बपम आणि नफक समरूप. हे त्रिकोण प्रश्नात कुणी सांगितले नव्हते, कागदावर त्यांच्या सगळ्या बाजूही काढलेल्या नव्हत्या.

उरलं ते सोपं. समरूपतेमुळे कोन पबम हा कोन फनक एवढा. छेदबिंदूला स म्हणू. त्रिकोण सबक मध्ये ब आणि क पाशी जे दोन कोन आहेत, त्यांची बेरीज त्रिकोण नफक मधल्या न आणि क च्या कोनांएवढी, म्हणजे अ च्या कोनाएवढी. म्हणून स पाशी १८० वजा अ. समोर अ. बेरीज १८०, चौकोन चक्रीय, स परिवर्तुळावर.

सगळ्या सिद्धतेत एकही लांबी मोजली नाही, एकही कोन अंशात काढला नाही. वेळूंमधल्या जमिनीसारखंच, जे माहीत नव्हतं त्याची गरजच पडली नाही.

मुंबई, १९९६

हीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९९६ मध्ये मुंबईत झाली. त्या वर्षीचा दुसरा प्रश्न भूमितीचा होता. त्रिकोण अबक च्या आत प असा बिंदू आहे की कोन अपब मधून क चा कोन वजा केला काय आणि कोन अपक मधून ब चा कोन वजा केला काय, उत्तर एकच. अपब आणि अपक या त्रिकोणांच्या अंतर्वर्तुळांची केंद्रं अनुक्रमे ड आणि इ. अप, बड आणि कइ या रेषा एकाच बिंदूत मिळतात, हे दाखवायचं.

बड ही कोन अबप ची दुभाजक रेषा आहे. कोनदुभाजकाचं प्रमेय दहावीच्या मुलाला येतं: ती अप ला अब आणि बप च्या गुणोत्तरात छेदते. कइ त्याच अप ला अक आणि कप च्या गुणोत्तरात छेदते. दोन गुणोत्तरं सारखी निघाली की काम झालं. अडतं ते वजाबाकीपाशी. कोनांची वजाबाकी करायची कशी? प पासून तिन्ही बाजूंवर लंब टाका आणि लंबपाद जोडा. आत एक चिमुकला त्रिकोण तयार होतो आणि प्रश्नातल्या त्या दोन वजाबाक्या म्हणजे नेमके त्याचे दोन कोन. ते समान, म्हणून त्याच्या दोन बाजू समान आणि त्यातून हवं ते गुणोत्तर. जी राशी विचित्र वाटते, ती कुठल्यातरी न काढलेल्या त्रिकोणाचा कोन असते. तो त्रिकोण काढणं एवढंच आपलं काम.

राष्ट्रीय फेरीतून निवडलेली मुलं कित्येक वर्षं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिराला आली आहेत. तिथून रेल्वेने चाळीसगाव गाठलं की भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेलं पाटण फार लांब नाही.

घाण्यामागे पळीभर तेल

चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापल्याची नोंद या शिलालेखात आहे. मठाचा खर्च कसा चालावा, हे शेवटी जुन्या मराठीत कोरलं आहे. पेठेतल्या मालावरचा कर मठाला आणि जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्यांमागे पळी पळी तेल. त्यातलं थोडं तरी साडेतीन हातांवरच्या एखाद्या दिव्यात जळलं असावं, असं मला आपलं वाटतं.

या दिवाळीत समोरच्या गच्चीवर आकाशकंदील लागेल. तो किती उंच आहे? त्याच्या खालचा बिंदू शेजाऱ्याच्या भिंतीआड आहे, तिथपर्यंत टेप जात नाही. आर्यभटाने उपाय सांगून ठेवला आहे. कंदिलाच्या सरळ रेषेत, थोडं अंतर ठेवून, सारख्या उंचीच्या दोन काठ्या उभ्या करा. दोन सावल्यांच्या टोकांमधलं अंतर मोजा, त्याला सावल्यांच्या लांबीतल्या फरकाने भागा आणि काठीच्या उंचीने गुणा. कंदिलाची उंची हातात येईल.

घरातल्या मुलाला आधी सूत्र सांगू नका. दोन काठ्या द्या, मधली जमीन माहीत नाही एवढं सांगा आणि दोन सावल्यांत त्याला किती त्रिकोण दिसतात ते विचारा.