कंत्राटी कामगाराची हजेरी कोणाच्या वहीत?

कारखान्याच्या दरवाजात कामगाराच्या येण्याजाण्याची जी नोंद होते, तिला सामान्यतः एक किरकोळ कारकुनी बाब मानले जाते. वस्तुतः रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाजवळ विकण्यासारखी वस्तू एकच असते, ती म्हणजे त्याचा वेळ. आणि हजेरीपट हे त्या वेळेचे माप होय. वाण्याच्या तराजूत खोट आढळली तर गिऱ्हाईक दुसरे दुकान गाठू शकते. कंत्राटी कामगाराला तशी सोय नाही. त्याच्या वेळेचे माप आणि हिशेबाची वही या दोन्ही गोष्टी, ज्याने मजुरी द्यावयाची, त्या कंत्राटदाराच्याच हाती असतात.

कामाच्या तासांचा हा झगडा जुना आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. त्यांपैकी प्रत्येक मागणी वेळेविषयीची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढील कामाला दुप्पट दर ठरविला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हजेरी, वेतन व जादा काम यांच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन कंत्राटदारावर टाकले, आणि त्याने मजुरी बुडविल्यास ती देण्याचे दायित्व मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर ठेवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. जादा कामाचा दुप्पट दर व मुख्य मालकाचे दायित्व ही दोन्ही तत्त्वे त्यांत कायम आहेत. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी मूळ कायद्यात असलेली २० कामगारांची अट आता ५० झाली आहे.

दुप्पट दराचा अर्थ

दुप्पट दर ही मालकाने द्यावयाची बक्षिशी आहे, असा एक समज आढळतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो एक प्रकारचा दंड आहे. जादा तास महाग झाले म्हणजे दमलेल्या माणसाला आणखी ताणण्यापेक्षा दुसऱ्या माणसाला कामावर घेणे मालकाला परवडू लागते. हाच दर गुपचूप एकपट झाला की विश्रांती आणि रोजगार या दोहोंचीही हानी होते.

उदाहरणादाखल, समजा, एखाद्या कामगाराला २६ दिवसांचे १३,००० रुपये मिळतात. रोज ५०० रुपये, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये झाले. महिन्यातील २० दिवस तो पाळी संपल्यावर चार तास थांबला, तर जादा तास ८० होतात. दुप्पट दराने त्याचे १०,००० रुपये येतात. एकपट दराने ५,०००. उरलेले ५,००० रुपये, म्हणजे दहा दिवसांची मजुरी, कोणाच्याही डोळ्यांवर न येता नाहीशी होते.

ही किमया साधते ती वहीत. चाकण असो वा वाळूज, औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या तोंडी ‘दीड हजेरी’ हा शब्द रुळलेला आहे. बारा तासांच्या कामाची दीड दिवस म्हणून नोंद झाली की जादा तास उरतच नाहीत. उरतात ते केवळ साध्या दराचे दिवस. शिवाय महिन्याला ८० तास म्हणजे तिमाहीला २४० तास. तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्या वाढीव मर्यादेतही हे तास मावत नाहीत. जे काम कायद्याने करवूनच घेता येत नाही, ते कागदावर खरे कसे लिहिले जाणार?

एप्रिल २०२० मध्ये महासाथीचे कारण पुढे करून गुजरात सरकारने बारा तासांच्या कामाची मुभा दिली होती आणि जादा तासांसाठी साधाच दर ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द केली व जादा कामाचा कायदेशीर मोबदला देण्याचा आदेश दिला. जी सवलत एका राज्य सरकारला आणीबाणीच्या काळातही घेता आली नाही, ती कंत्राटदाराच्या वहीत कोणत्याही अधिसूचनेवाचून घेतली जाते.

हानी केवळ मजुरीची नाही. सलग सेवेसाठी वर्षाला २४० दिवस, भरपगारी रजेसाठी नव्या संहितेप्रमाणे १८० दिवस, कामगार राज्य विम्यातील आजारपणाच्या रोख लाभासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी, असे बहुतेक हक्क दिवसांच्या मोजणीवर उभे आहेत. कंत्राटदार बदलतो, यंत्रापुढचा माणूस तोच राहतो. परंतु नव्या वहीत त्याची पहिली तारीख नव्याने पडते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

खरी नोंद असूनही

आश्चर्य असे की खरी नोंद बहुधा उपलब्ध असते. अनेक मोठ्या कारखान्यांच्या दरवाजात अंगठ्याची वा चेहऱ्याची ओळख पटविणारी यंत्रे आहेत. प्रत्येक माणूस केव्हा आत आला आणि केव्हा बाहेर पडला हे त्यांत मिनिटागणिक साठते. तरीही मजुरी मात्र कंत्राटदाराच्या पत्रकावरून निघते. याचे कारण एकट्या लबाडीत शोधणे अपुरे ठरेल. कंत्राट खरे की नाममात्र, हे ठरविताना नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, नियंत्रण कोणाचे, हे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या बलवंत राय सलुजा खटल्यात लावले. त्यामुळे कंत्राटी कामगाराची हजेरी आपण घेतली तर तो आपलाच कामगार ठरेल, ही धास्ती मुख्य मालकाला वाटते. म्हणजे ज्याच्याजवळ खरे माप आहे, त्याने ते न वापरण्यातच त्याचे हित दडलेले आहे.

या पेचातून मार्ग काढावयाचा तर कायद्यात एक छोटी दुरुस्ती पुरेशी आहे. दरवाजातील नोंद ही कामाच्या तासांचा निर्णायक पुरावा मानली जावी आणि मजुरी तिच्यावरूनच निघावी; मात्र केवळ ती नोंद ठेवली एवढ्यावरून मुख्य मालक हाच नियोक्ता आहे, असा निष्कर्ष काढला जाऊ नये. या नोंदीची प्रत दरमहा वेतनचिठ्ठीसोबत कामगाराच्या हाती पडावी, आणि कंत्राटदार बदलला तरी मोजणी पुढे चालू राहावी.

कामगार संघटना यावर आक्षेप घेतील, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. नाममात्र कंत्राट उघडे पाडण्याचे एक साधन त्यामुळे बोथट होईल. परंतु २००१ च्या पोलाद प्राधिकरण खटल्यानंतर कंत्राटपद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. त्याला न्यायासनापुढे दीर्घकाळ झगडावे लागते. तसे झगडण्याची ऐपत असलेले थोडे. दरमहा तास गमावणारे पुष्कळ. कामगारांनाच ओव्हरटाइम हवा असतो, हे कारखानदारांचे म्हणणेही खरे आहे. आठ तासांच्या मजुरीत घर चालत नाही म्हणून तो त्यांना हवा असतो. तो निम्म्या किमतीत द्यावा, असे मात्र त्यांनी कधी म्हटलेले नाही.

वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण २०००-०१ साली सुमारे २० टक्के होते. २०२२-२३ साली ते ४० टक्क्यांवर गेले. इतक्या मोठ्या वर्गाच्या श्रमाचे माप जर संशयास्पद असेल, तर कामाचे तास, उत्पादकता व वेतन यांविषयी सरकार आणि उद्योगपती जे आकडे मांडतात, त्यांचा पायाही तितकाच डळमळीत म्हणावा लागेल. निदान गेलेला तास गेला तसा लिहिला जावा, एवढी अपेक्षा कोणत्याही उद्योगाच्या आवाक्याबाहेरची नाही.