सही खरी, पण सही करणारा कोण?

ऑगस्ट २०१८ मध्ये एपिक गेम्सने ‘फोर्टनाइट’ अँड्रॉइडवर आणला, तोही गुगलच्या प्ले स्टोअरला वळसा घालून. स्टोअरचं ३० टक्के कमिशन कंपनीला मान्य नव्हतं. संकेतस्थळावरून आधी छोटा इन्स्टॉलर घ्यायचा, मग तो मूळ खेळ उतरवणार, अशी सोय होती. काही दिवसांतच गुगलच्या अभियंत्यांना त्यात भोक सापडलं. खेळाची फाइल फोनच्या सामायिक साठ्यात उतरत असे. तपासणी संपल्यावर आणि ॲप बसण्याआधी तिथे दुसरं एखादं ॲप ती फाइल गुपचूप बदलू शकत होतं. सॅमसंगच्या फोनवर तर फाइलचं पॅकेज-नाव जुळलं की पुरे! एपिकने दोनेक दिवसांत दुरुस्ती केली. गुगलने बोभाटा लवकर केला म्हणून त्रागाही केला.

अँड्रॉइड ॲप ज्या एपीके फाइलमधून बसतं, त्या प्रत्येक फाइलवर डिजिटल सही लागतेच. नवी आवृत्ती त्याच किल्लीने सही केलेली नसेल, तर फोन ती जुन्या ॲपवर चढवत नाही. मात्र अशी किल्ली कोणीही घरबसल्या, फुकट बनवतो.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या भामट्यांच्या एपीकेवरही रीतसर सही असते. त्यांचा डोळा एसएमएसमधल्या ओटीपीवर आणि ॲक्सेसिबिलिटीच्या परवानगीवर असतो. ही सोय खरी दृष्टिहीनांसारख्या वापरकर्त्यांसाठी. पण ती हाती आली की ॲप पडदा वाचतं, बटणंही दाबतं. अँड्रॉइड १३ ने बाहेरून आलेल्या ॲप्ससाठी हा दरवाजा सहजी उघडेनासा केला. अनोळखी ॲप बसतानाच त्याचा कोड तपासण्याची गुगलच्या प्ले प्रोटेक्ट या सुरक्षा-यंत्रणेची सोय ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वात आधी भारतात आली, यातच बरंच काही आलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने पुढचं पाऊल जाहीर केलं: सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये ॲप कुठूनही आलेलं असो, ते बनवणाऱ्याची ओळख पटलेली हवी. चोराला खोटी ओळख मिळवणं अशक्य नाही, पण दर वेळी नवी मिळवणं महाग पडेल, हा हिशेब पटण्याजोगा आहे. अडचण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची. एफ-ड्रॉइड हे भांडार बहुतेक ॲप्स मूळ कोडपासून स्वतः बांधतं आणि स्वतःच्या किल्लीने सही करतं. मग नोंदणी कोणाच्या नावावर? त्यांनी कडाडून विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गुगलने जाणकारांना ओळख न पटलेली ॲप्सही बसवता यावीत म्हणून वेगळी वाट ठेवण्याचं कबूल केलं. पलीकडून कोणी फोनवर दटावत असताना घाईघाईने ‘हो’ दाबलं जाऊ नये, अशा बेताने तिची रचना करायचं ठरलं.