रुबेला तपासणीचा अहवाल : ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, कावीळ, एचआयव्ही या चाचण्यांसोबत काही ठिकाणी ‘टॉर्च’ नावाची चाचणीही लिहून दिली जाते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस आदी आजारांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. एखाद्या भगिनीचा आधीचा गर्भ टिकला नसेल तर ही चाचणी हमखास सांगितली जाते. अहवाल हाती येतो, रुबेलापुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शब्द दिसतो आणि घरात चिंतेचे सावट पसरते. वास्तविक बहुतेक वेळा तो शब्द शुभवर्तमानच असतो. तो कसा, हे समजून घेण्यासाठी हा लेखप्रपंच.

रुबेला म्हणजे जर्मन गोवर. नाव गोवराचे असले तरी त्याचा विषाणू वेगळा आहे. बारीक ताप, अंगावर फिकट लालसर पुरळ, कानामागे व मानेवर सुजलेल्या गाठी, इतकेच त्याचे रूप. आणि दोन-चार दिवसांत रोगी बराही होतो. अनेकांना तर आपल्याला तो होऊन गेल्याचे कळतही नाही. म्हणूनच ‘मला लहानपणी गोवर आला होता’ या आठवणीवर विसंबून चालत नाही.

या सौम्य आजाराचे उग्र स्वरूप १९४१ साली उघड झाले. सिडनी येथील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बालके मोठ्या संख्येने येऊ लागली होती. त्यांच्या मातांची चौकशी केली असता, बहुतेकींना गरोदरपणाच्या आरंभी जर्मन गोवर झाल्याचे आढळले. पुढे १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाची बाधा घेऊन जन्मली. बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयातील दोष आणि मेंदूच्या वाढीतील व्यंग ही त्याची मुख्य लक्षणे होत.

येथे काळ महत्त्वाचा ठरतो. पहिल्या १२ आठवड्यांत मातेला प्रथमच रुबेला झाला, तर बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यानंतर धोका झपाट्याने उतरतो आणि २० आठवड्यांनंतर व्यंग निर्माण होणे दुर्मीळ असते.

आता अहवालाकडे वळू या. विषाणू शरीरात शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. अहवालात त्यांचे दोन प्रकार असतात : आयजीएम आणि आयजीजी. आयजीएम हे घाईने धावून येणारे शिपाई. पुरळ उठल्यावर थोड्याच दिवसांत ते दिसतात आणि साधारणतः काही आठवड्यांत ओसरतात. आयजीजी जरा मागून येतात, पण बहुधा आयुष्यभर पहारा देतात.

म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, असा अहवाल असेल तर त्याचा सरळ अर्थ असा की, पूर्वी केव्हातरी रुबेला होऊन गेला आहे किंवा त्याची लस घेतलेली आहे, आणि आता मातेला संरक्षण आहे. येथे औषधाची गरज नाही. आयजीजीचा आकडा मोठा असला म्हणजे आजार मोठा, असेही नाही. पुष्कळ प्रयोगशाळा मिलिलिटरला १० आंतरराष्ट्रीय एकके ही मर्यादा धरतात, काही १५ धरतात. त्यापुढे आकडा ५० आहे की २०० आहे, याने एरवी फरक पडत नाही. दोन वेगळ्या प्रयोगशाळांतील आकड्यांची तुलना करणे तर मुळीच योग्य नव्हे. आधीच्या गर्भपाताचे खापर या जुन्या प्रतिपिंडांवर फोडण्यालाही आधार नाही.

खरा पेच उभा राहतो तो आयजीएम पॉझिटिव्ह आल्यावर, आणि येथेच सर्वांत अधिक सावधानता हवी. रुबेलाचे आयजीएम खोटेही पॉझिटिव्ह येऊ शकते. पार्व्होव्हायरस किंवा एप्स्टाइन-बार यांसारख्या दुसऱ्या विषाणूंची बाधा, संधिवाताशी निगडित घटक अशा कारणांनी यंत्र फसते. काही जणींत तर जुन्या बाधेनंतर वा लशीनंतर आयजीएम दीर्घकाळ रेंगाळते. शिवाय हिशेबाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी : जिथे आजार मुळातच कमी आहे, तिथे पुरळ नाही, ताप नाही, रोग्याशी संपर्क नाही अशा शेकडो स्त्रियांची चाचणी केली, तर पॉझिटिव्ह येणाऱ्यांत खोट्यांचीच संख्या अधिक भरते. याच कारणास्तव लक्षणे व संपर्क नसलेल्या गरोदर स्त्रीची आयजीएम चाचणी सरसकट करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. आमच्या मते, ज्या चाचणीच्या उत्तराने केवळ भीती वाढणार आहे, ती का करायची हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास काहीच हरकत नाही.

अशा एकाच कागदावर विसंबून ‘बाळ ठेवू नका’ असा सल्ला मिळाला, तर कुटुंबाने थांबावे. शंकानिरसनाचे मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मार्ग म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन, दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत एकाच वेळी तपासणे. आयजीजी चौपट वा अधिक वाढले तर बाधा ताजी समजतात, स्थिर राहिले तर सहसा जुनी. दुसरा मार्ग ‘अ‍ॅव्हिडिटी’ चाचणीचा. प्रतिपिंडे विषाणूला किती घट्ट धरतात, हे ती मोजते. नव्या प्रतिपिंडांची पकड सैल असते, महिन्यांमागून महिने ती घट्ट होत जाते. पकड घट्ट आढळली तर बाधा अलीकडची नव्हे, असे मानता येते. गरोदरपणाच्या आरंभीच्या आठवड्यांतच ही चाचणी झाली तर तिचे उत्तर अधिक उपयोगी पडते. बाधा खरोखरच ताजी ठरली, तर गर्भजलाची तपासणी आणि सोनोग्राफी यांबाबत गर्भवैद्यकातील तज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे.

घरात किंवा शाळेत पुरळ आलेल्या मुलाशी संपर्क आला तर गरोदर स्त्रीने वाट पाहू नये. ताबडतोब रक्त द्यावे. संपर्कापासून १०-१२ दिवसांच्या आत घेतलेल्या नमुन्यात आयजीजी असेल, तर ते त्या संपर्काच्या आधीपासूनचे आहे आणि संरक्षण आहे असे समजावे. नसेल, तर सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पूर्वीच्या बाळंतपणातील अहवाल जपून ठेवला असेल तर ही धावपळच टळते.

आयजीजी निगेटिव्ह म्हणजे संरक्षण नाही. पण गरोदरपणात लस देत नाहीत, कारण तीत जिवंत, दुर्बळ केलेला विषाणू असतो. लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावयास सांगतात. तथापि दिवस गेल्याचे ठाऊक नसताना एखादीने लस घेतलीच, तर घाबरू नये. अशा मातांच्या पाहणीत लशीमुळे बाळांत रुबेलाचे व्यंग आढळलेले नाही आणि गर्भपाताचे ते कारण मानले जात नाही.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि नऊ महिने ते १५ वर्षांखालील मुलांना लस दिली गेली. गोव्यात ती २०१७ मध्येच झाली होती. साहजिकच आज पंचविशीत-तिशीत असलेल्या तरुणी त्या वयोगटाबाहेर राहिल्या. खासगी दवाखान्यात लस घेतली नसेल, तर विवाहापूर्वीच याची चौकशी करावी. विवाहपूर्व शिबिरात या विषयाला पाच मिनिटे देणे अस्थानी होणार नाही.

एक प्रश्न श्रद्धावंतांना पडतो. या लशीचा ‘आरए २७/३’ हा विषाणू १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथे गर्भपातातून मिळालेल्या ऊतींतून वेगळा केला गेला आणि तो मानवी पेशींवर वाढवला जातो. जीवनविषयक परमगुरुपीठीय अकादमीने २००५ मध्ये या प्रश्नाचा विचार केला. पर्यायी लशीची मागणी करीत राहावे. मात्र पर्याय नसेल तेथे बालके व गरोदर माता यांच्या रक्षणार्थ ही लस घेता येते, असे तिने स्पष्ट केले. २०१७ मध्ये याच अकादमीने अशा लशी निर्धास्त मनाने घेता येतात, असे म्हटले. त्या पेशी पूर्वीच्याच साठ्यातील असून नव्या गर्भपाताची त्यासाठी आवश्यकता नसते.

संरक्षण नसलेल्या मातेने प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच लस मागून घ्यावी. अंगावर पाजत असताना ती चालते. रक्तगट निगेटिव्ह असल्याने अँटी-डीचे इंजेक्शन दिले असेल, तरी लस पुढे ढकलू नये. फक्त तीन महिन्यांनी आयजीजी तपासून लस लागू पडली की नाही, एवढे पाहून घ्यावे.