दारुडा झाल्यावरच मदत मागायची का?

सोनारी गावातून बारावीनंतर परंड्याला, बार्शीला, नाहीतर थेट पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोरांच्या मनात दारूविषयी एक गैरसमज फार घट्ट बसलेला असतो: मदत लागते ती दारुड्याला. दारुडा म्हणजे रस्त्याकडेला पडलेला, जमीन विकून बसलेला, उतारवयाचा माणूस. शनिवारी खोलीवर मित्रांबरोबर ‘बसणारा’ विद्यार्थी त्या चित्रात कुठेच बसत नाही. म्हणून ‘आपलं जरा जास्त होतंय का?’ अशी शंका आली तरी तो ती गिळून टाकतो. खरं तर ती शंका येते, तीच मदत घ्यायची सर्वांत चांगली वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीत जमीन विकली का, असं कोणी विचारत नाही. सुरू केल्यावर थांबता येत नाही असं वर्षभरात किती वेळा झालं, रात्रीचं काही आठवत नाही असं कधी झालं का, सकाळी उतारा लागतो का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. चाळीसपैकी 8 गुण झाले की धोक्याचं पिणं मानतात. व्यसनाची दाट शक्यता 20 पासून धरतात. या दोन आकड्यांमधल्या पट्ट्यात थोड्या मदतीने पुष्कळ साधतं, आणि नेमक्या याच पट्ट्यातला माणूस स्वतःला मदतीची गरज आहे असं समजत नाही.

हा नुसता आशावाद नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास केला. तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि बैठका जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. ते विद्यार्थी नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. पण विद्यार्थ्यांसाठी अशीच दोन भेटींची पद्धत अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी घडवली, आणि तिथेही पिणं कमी झालेलं दिसलं.

‘पण सगळेच पितात,’ असं खोलीवर ठासून सांगितलं जातं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू घेणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के निघालं, म्हणजे चारातले जवळजवळ तीन घेत नाहीत. न पिणारा गाजावाजा करत नाही, म्हणून तो मोजला जात नाही, एवढंच. ‘वयच आहे, नोकरी लागली की सुटेल,’ हे मात्र अर्धं खरं आहे. अनेकांचं पुढे कमी होतं. कोणाचं होणार नाही, हे आधी सांगता येत नाही. आणि रात्री पिऊन बार्शी-परंडा रस्त्यावर मोटारसायकल काढणाऱ्याचा घात व्हायला व्यसन जडावं लागत नाही.

सर्वांत जिवावर बेतणारा गैरसमज शपथेचा. गावातल्या भैरवनाथासमोर शपथ घेतली की दारू त्याच दिवशी बंद, अशी घरच्यांची श्रद्धा असते. शपथेने मनाला बळ मिळतं, ते कमी लेखू नये. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. योग्य औषधांनी हे टाळता येतं. म्हणून अशाची शपथ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाळली जावी. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’सारखी व्यसनमुक्ती केंद्रं यासाठीच आहेत.

राहिली गावात कळण्याची भीती, आणि ती खोटी नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटणारच. तरी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूशी निगडित त्रासही मानसिक आजारात धरला आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. शिवाय पहिलं पाऊल दवाखान्यातच पडलं पाहिजे असं नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ या दूरध्वनी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, व्यसनमुक्तीसाठी 14446 वेगळा आहे. ‘मी दारुडा आहे’ असं तिथे कबूल करावं लागत नाही. ‘मला काळजी वाटतेय’ एवढं म्हटलं तरी बोलणं सुरू होतं.